काळा पाषाण कापताना तेलात काय उरतं

रेणापूरच्या शिवारात विहीर खोदणाऱ्यांना भूशास्त्राचं पुस्तक लागत नाही. आधी काळी माती, मग मुरूम, त्याखाली भोकाभोकांचा मांजऱ्या, मध्येच कुठे विटकरी रंगाचा मऊ गेरूसारखा थर आणि शेवटी पहार परतवणारा काळा पाषाण, हा क्रम त्यांना पाठ असतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे लोंढे एकावर एक पसरत गेले, त्यांचा हा हिशेब आहे. दोन लोंढ्यांच्या मधल्या काळात उघड्या पडलेल्या दगडाची झीज झाली आणि त्याचा तांबडा थर बनला. मग पुढच्या लाव्हाने तो झाकून टाकला.

पाषाणाच्या पोटात काय आहे हे बाहेरून कळत नाही. त्यासाठी दगड कापावा लागतो. कापलेला काप काचेला चिकटवून तो जेमतेम ०.०३ मिलिमीटर जाडीचा उरेपर्यंत घासायचा. मग हा काळाकुट्ट पाषाण, म्हणजे बेसाल्टही, प्रकाश आरपार जाऊ देतो आणि मायक्रोस्कोपखाली त्यातले फेल्डस्पारचे लांबट स्फटिक, पायरॉक्सिनचे दाणे आणि प्रकाश अडवणारे मॅग्नेटाइटचे काळे ठिपके वेगवेगळे दिसतात. खडकाचे असे पातळ काप पाहण्याची सुरुवात इंग्लंडमधल्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८४९ मध्ये केली. आपल्या लातूर जिल्ह्यात या तंत्राची गरज एका दुःखद कारणाने पडली. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हा भाग स्थिर समजला जाई, म्हणून पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तिथे ६१७ मीटर खोल छिद्र घेऊन खडकाच्या कांड्या वर काढल्या. ३३८ मीटरपर्यंत बेसाल्ट, त्याखाली ८ मीटर गाळाचे थर आणि मग अतिप्राचीन स्फटिकी खडक, असा छेद मिळाला. भूकंपाच्या मुळाशी जाण्याचा रस्ता असा दगडाच्या कापांमधून जातो, आणि प्रत्येक काप करवतीवर घ्यावा लागतो.

त्या करवतीबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. तिच्या टाकीतल्या तेलाबद्दल तर नाहीच. मला मात्र त्या तेलात सुंदर विज्ञान दिसतं.

खडक कापणाऱ्या करवतीला लाकडाच्या करवतीसारखे दात नसतात. पोलादाची पातळ चकती असते आणि तिच्या कडेत हिऱ्याची बारीक कणी बसवलेली असते. हिरा दगड कातरत नाही, खरवडून त्याचं पीठ करतो. या घर्षणात कणीच्या टोकाशी प्रचंड उष्णता तयार होते. हवेत साधारण ७०० ते ८०० अंश सेल्सिअसला हिराही जळू लागतो, आणि त्याआधीच पोलादी चकती तापून वाकडी होते. म्हणून चकतीचा खालचा काठ टाकीतल्या द्रवात बुडवलेला असतो. फिरताना ती स्वतःबरोबर द्रव वर नेते. हा द्रव चकती थंड ठेवतो, घर्षण कमी करतो आणि चिरेतलं पीठ धुऊन खाली आणतो.

शहाबादी फरशी कापणारा कारागीर पाण्यावरच काम भागवतो, आणि थंड करण्यात पाणी तेलाच्या पुढेच आहे. एक अंश तापायला तेलाच्या साधारण दुप्पट उष्णता त्याला लागते. पण वंगण म्हणून पाणी कच्चं, आणि पोलादाला गंज आणण्यात पक्कं. काही खडकांना तर पाणी चालतच नाही. तो विटकरी थर घ्या. भूशास्त्रज्ञ त्याला रेड बोल म्हणतात. त्यात पाणी पिऊन फुगणारी चिकणमाती असते, आपल्या काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पाडणाऱ्या मातीच्या कुळातली. पाण्याखाली धरला तर त्याचा नमुना कापण्याआधीच चिखल होतो. म्हणून आधी त्यात राळ मुरवून तो घट्ट करतात आणि मग तेलात कापतात.

तेल निवडण्याचं दुसरं कारण आपल्या भागाला सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीत १० वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी आलं. जिथे पाण्याची ही गत, तिथे वर्षानुवर्षं तेच तेल वापरता येणारी करवत अधिक शहाणपणाची, असं माझं मत आहे. अट एकच, ते तेल परत मिळवता आलं पाहिजे.

तेल सगळीकडे चालतं असंही नाही. खडकाचं रासायनिक पृथक्करण करायचं असेल तर त्यात तेल मुरलेलं परवडत नाही. मांजरा नदीच्या खोऱ्यात प्राचीन प्राण्यांची जीवाश्म हाडं सापडतात. त्यांचं वय काढायचं असेल तर तेलाचा थेंबही लागता कामा नये. पण मांजऱ्याच्या भोकांत बसलेली गारगोटी, अकीक यांना तेलच मानवतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. 

आता किती तेल गाळाबरोबर जातं याचा हिशेब करू. १० सेंटिमीटर लांब-रुंद दगडातून एक काप घेतला आणि चकतीने ३ मिलिमीटरची चीर पाडली, तर ३० घन सेंटिमीटर दगडाचं पीठ होतं. वजन ८५ ते ९० ग्रॅम. त्याचे सगळे कण १० मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतके, धरले तर त्यांचा एकूण पृष्ठभाग भरतो १८ चौरस मीटर. एका मध्यम खोलीच्या फरशीहून जास्त! त्या सगळ्या पृष्ठभागाला तेल चिकटतं आणि कणांमधल्या फटींतही तेलच भरतं. तळाला बसलेल्या अशा बारीक गाळात साधारण निम्मी जागा तेलाचीच असते. म्हणून एका कापामागे ३०-३५ मिलिलिटर आणि शंभर कापांमागे ३ लिटरहून अधिक तेल गाळात अडकून बसतं. टाकी खरवडून तो गाळ तसाच फेकला, तर वर दिसणारं तेल वाचतं आणि न दिसणारं जातं.

घाण्याचं करडईचं तेल पिंपात ठेवून गाद खाली बसू देणारा तेली जे करतो, तेच इथे करायचं असतं. फरक वेगाचा आहे, आणि तो वेग गणितात बांधला आयर्लंडमध्ये जन्मलेल्या जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी, १८५१ मध्ये. द्रवात बुडणाऱ्या कणाचा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. कण दहापट बारीक झाला की शंभरपट हळू बुडतो. बेसाल्टची घनता पाण्याच्या २.९ पट, हलक्या खनिज तेलाची ०.८५ पट, आणि २५ अंशाला असं तेल पाण्यापेक्षा वीसेक पट चिकट. हे आकडे सूत्रात घातले की १० सेंटिमीटर खाली उतरायला १०० मायक्रॉनच्या कणाला ३ मिनिटं लागतात, १० मायक्रॉनच्या कणाला ५ तास आणि १ मायक्रॉनच्या कणाला सुमारे ५०० तास, म्हणजे जवळजवळ ३ आठवडे. रात्रभर ठेवलेलं तेल सकाळी वरून स्वच्छ दिसतं, पण उजेडात धरलं की ते अजून धुरकट असतं, त्याचं कारण हे शेवटचे कण.

इथे मराठवाड्याचा उन्हाळा मदतीला येतो. तेल तापलं की त्याचा चिकटपणा झपाट्याने उतरतो. २० ते २५ अंशांवरून ४० ते ४५ अंशांवर गेलं तर हलक्या तेलाचा चिकटपणा साधारण निम्मा होतो आणि निवळण्याचा वेळही निम्म्यावर येतो. मेमध्ये पत्र्याच्या खोलीत एवढी उष्णता फुकट मिळते. मात्र भांडं तापलेल्या फरशीवर ठेवू नये, लाकडी फळीवर ठेवावं. खालून तापलेलं तेल हलकं होऊन वर येतं, वरचं खाली जातं, आणि या ढवळण्यात बसलेले कण पुन्हा उठतात. वरून ऊब मिळाली तर गरम थर वरच राहतो आणि तेल शांत राहतं. भांड्याचा आकारही महत्त्वाचा. ४० सेंटिमीटर उंच पिंपापेक्षा १० सेंटिमीटर खोल पसरट, झाकलेल्या ट्रेमध्ये कणांना चौथाई अंतर उतरायचं असतं.

घाई म्हणून कुणी चुलीवर तेल तापवू नये. तेलात पाणी शिरलेलं असेल, ते दुधाळ दिसत असेल, तर तळाशी वाफ होऊन उकळतं तेल अंगावर उडतं. तेवढंच धोक्याचं आहे स्वस्त म्हणून रॉकेल किंवा डिझेल टाकीत ओतणं. ज्या तापमानाला इंधनाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, त्याची किमान मर्यादा भारतीय मानकांत या दोन्हींसाठी ३५ अंश आहे. लातूरचा मे महिना ती सहज ओलांडतो. करवतीसाठीचं हलकं खनिज तेल १५० अंशांच्या आसपास किंवा त्याहून वरच पेटणारं असावं.

गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची सवय असलेल्याला ती तेलातही फिरवावीशी वाटेल. उपयोग होत नाही. पाण्यातल्या मातीच्या कणांवर विद्युतभार असतो, तो त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. तुरटीतलं विरघळलेलं ॲल्युमिनियम तो भार मोडून कणांचे पुंजके करतं. तेलात तुरटी विरघळतच नाही. चुंबक मात्र काही काम करतो. आपला बेसाल्ट मॅग्नेटाइटचा धनी आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला जोरदार चुंबक तेलातून फिरवला की काळी साय त्याला चिकटून येते. तिच्यात चकतीचं झिजलेलं पोलादही असतं. अकीक कापलेल्या तेलात हा उपाय चालत नाही, त्यात चुंबकाला धरायला जवळजवळ काही नसतं.

प्रत्यक्ष साफसफाई यानंतर सोपी आहे. वीज तोडायची, नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. टाकी एक-दोन दिवस हलवायची नाही. मग वरचं तेल नळीने किंवा हातपंपाने काढून घ्यायचं, नळीचं तोंड गाळापासून चार बोटं वर ठेवून. उरलेला गाळ लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून जाड विणीच्या सुती कापडात बांधायचा आणि बादलीवर टांगायचा. पिळायचा मात्र मोह आवरावा. पिळलं की बारीक कण कापडातून पार होतात, आणि नको तेच तेलात परत येतं. काही दिवसांत बादलीत तेल जमतं आणि कापडात जाडसर पेंड उरते. टाकीच्या तळाशी पाणी साचलं असेल तर ते आधी काढावं, गंज तिथूनच सुरू होतो. शिकंजा, त्याला पुढे सरकवणारा स्क्रू आणि रुळ यांत बसलेलं दगडाचं पीठ ब्रशने काढलं नाही तर तेच पीठ यंत्राचे भाग घासत राहतं.

पेंड हाताळताना एक गोष्ट मी ठासून सांगेन. ती सुकू देऊ नये. अकीक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. तिची श्वासात जाणारी बारीक धूळ फुप्फुसात कायमची इजा करते. त्याला सिलिकोसिस म्हणतात, आणि तो बरा होत नाही. गुजरातेत खंभातच्या अकीक कामगारांमध्ये हा रोग आढळला, अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्याचा अभ्यास केला. तेलात असताना धूळ उडत नाही, पेंड वाळून चुरगळली की उडते. करवत चालू असताना तेलाचे सूक्ष्म थेंबही हवेत जातात, म्हणून झाकण लावूनच कापावं आणि खिडकी उघडी ठेवावी. हातमोजेही हवेत, रोज तेलात हात घातले तर कातडी फुटते.

मग ही पेंड टाकायची कुठे? नाल्यात नक्कीच नाही. १ लिटर तेल पाण्यावर १ मायक्रॉन जाडीने पसरलं तर १,००० चौरस मीटर, म्हणजे जवळपास १० गुंठे व्यापतं. त्या पापुद्र्याखाली पाण्यात प्राणवायू कमी मिसळतो. रेणा नदी पुढे मांजरेला मिळते, आणि त्या खोऱ्यात पाण्याचा एकेक थेंब किती मोलाचा आहे ते सगळ्यांना माहीत आहे. वापरलेलं तेल आणि तेलकट गाळ हे दोन्ही २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत येतात. ते नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाने परवानगी दिलेल्या ठिकाणीच जायला हवं. लहान कार्यशाळेने झाकणाचा डबा ठेवून तो भरत जावा.

परत मिळालेलं तेल किती वेळा वापरायचं, याचा निर्णय नाक आणि डोळे देतात. दगडाचं पीठ तेलाला बिघडवत नाही, ते त्यात फक्त तरंगत असतं. पण उष्णता, हवा आणि पोलादाचा चुरा मिळून तेलाचं हळूहळू ऑक्सिडेशन करतात. आंबूस वास, वाढलेला चिकटपणा, न जाणारा फेस किंवा निवळूनही दुधाळ राहणं, यातलं काही दिसलं की ते तेल बाद. नाहीतर ते टाकीत परत घालावं, चकतीचा काठ एक-दीड सेंटिमीटर बुडेल एवढंच, आणि कमी पडेल तितकी नव्या तेलाची भर द्यावी. नव्या दगडाआधी एखाद्या मऊ, खरखरीत विटेत दोन-चार चिरा पाडाव्यात. त्याने चकतीवर गुळगुळीत झालेला धातू झिजतो आणि आतली हिऱ्याची ताजी कणी वर येते.