जिंकलेला संघ का मोडतो?

१ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत पुणेरी पलटणनं प्रो कबड्डी लीगचं विजेतेपद पहिल्यांदा मिळवलं. अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं. त्या हंगामातला सर्वोत्तम बचावपटू पुण्याचाच होता, इराणचा मोहम्मदरेझा शादलुई. पुढं ऑगस्टमध्ये मुंबईला लिलाव झाला, तेव्हा हाच शादलुई हरियाणानं २ कोटी ७ लाखांना उचलला. डिसेंबरच्या अखेरीस हरियाणा विजेता ठरला. आणि तो अंतिम सामना झाला कुठं, तर पुण्यात, बालेवाडीला!

मी तीस वर्षं कॉमर्सच्या मुलांना हिशेबशास्त्र शिकवलं. सकाळी गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात फिरायला जातो. तिथली तरुण मंडळी मला खेळातलं फारसं विचारत नाहीत, पण पैशाचा प्रश्न आला की थांबवतात. बालेवाडीच्या त्या सामन्यानंतर एकानं विचारलं, "सर, इतका चांगला माणूस हातचा कशाला सोडायचा? मालकाकडं पैसे नव्हते का?"

पैसे होते. खर्च करायची परवानगी नव्हती.

प्रो कबड्डीत प्रत्येक संघाला एक ठरावीक रक्कम असते. लिलावाच्या भाषेत तिला 'पर्स' म्हणतात. दहाव्या हंगामासाठी ती ५ कोटी रुपये होती, त्याआधी ४ कोटी ४० लाख. संघात कमीत कमी १८ आणि जास्तीत जास्त २५ खेळाडू ठेवायचे. मालक कितीही मोठा उद्योगपती असो, या आकड्याच्या वर एक रुपयाही नाही. आता पुणेरीचा हिशेब मांडून पाहा. दहाव्या हंगामाच्या लिलावात त्यांनी शादलुईला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. म्हणजे पर्समधले शंभरातले ४७ रुपये एकाच डाव्या कोपऱ्याला गेले. उरले २ कोटी ६५ लाख. किमान संघ धरला तरी सतरा जणांत वाटायचे, म्हणजे माणशी सरासरी साडेपंधरा लाख. त्यातही काहींची किंमत जास्त, म्हणून उरलेल्यांची आणखी कमी. घरात मोठ्या मुलीच्या लग्नात अर्धी पुंजी गेली की धाकट्यांच्या शिक्षणाला हात आखडतो ना, तसंच हे.

मग ते जिंकले कसे? इथं खरी गंमत आहे. अस्लम इनामदार हा अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला मुलगा. तो आणि हरियाणाचा मोहित गोयत हे दोघं आठव्या हंगामात नव्या तरुण खेळाडूंच्या वर्गातून पुण्यात आले. त्या वर्गातल्या मुलांचं मानधन मोठ्या नावांच्या मानानं अगदी किरकोळ असतं. पुढं अस्लम कर्णधार झाला. तो आणि संघातलाच आकाश शिंदे हे दोघं २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात होते. म्हणजे भारतीय संघातले चढाईपटू घरच्या घरी तयार झालेले, म्हणून अर्धी पर्स एका बचावपटूवर उधळता आली. आदल्या वेळचा हिशेबही याच जातीचा होता. २०२२ मध्ये फझल अत्राचली १ कोटी ३८ लाखांना आणि मोहम्मद नबीबक्ष ८७ लाखांना घेतले होते. दोघा इराणी खेळाडूंवर अर्ध्याहून जास्त पर्स! संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला, जयपूरकडून ३३-२९ असा हरला आणि मग दोघांनाही सोडून दिलं. पर्स मोकळी केली तेव्हाच शादलुई परवडला.

पण घरची मुलं मोठी झाली की त्यांचीही किंमत वाढते. ती वाढली की बाहेरचा महागडा माणूस सोडावा लागतो. संघानं अधिकृत कारण काय दिलं ते बाजूला ठेवू, माझ्या मते ताळेबंद स्वतःच बोलतो.

आयपीएलमध्येही हाच कडक नियम आहे, फक्त शून्यं जास्त. २०२५ च्या हंगामासाठी पर्स १२० कोटींची होती. मुंबई इंडियन्सनं बुमराह, सूर्यकुमार, हार्दिक, रोहित आणि तिलक वर्मा या पाच जणांवर ७५ कोटी लावले आणि ४५ कोटी घेऊन लिलावाला बसले. चेन्नईनं तर धोनीला ४ कोटींत ठेवून घेतलं, कारण पाच वर्षं आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्या भारतीयाला 'नवखा' धरायची सोय नियमात होती. विश्वचषक जिंकून देणारा कर्णधार कागदावर नवखा! हिशेबनिसाला अशा नोंदी फार आवडतात.

आता ज्या मुलानं मला प्रश्न विचारला, तो स्वतः बास्केटबॉल खेळणारा. त्याचं म्हणणं, "अमेरिकेत असं नसतं सर. तिथं पैसे भरले की संघ ठेवता येतो." अर्धं खरं आहे. अमेरिकेतल्या एनबीएमध्ये पगाराला मर्यादा आहे, पण ती लवचिक आहे. स्वतःच्या संघातला जुना खेळाडू टिकवायचा असेल तर मर्यादा ओलांडता येते. बोस्टनच्या लॅरी बर्डच्या नावानं हा हक्क ओळखला जातो. २०२५-२६ च्या हंगामात साधी मर्यादा सुमारे १५ कोटी ४६ लाख डॉलर होती. त्याच्या वर दुसरी रेघ १८ कोटी ७९ लाखांच्या आसपास. ही दुसरी रेघ ओलांडली की 'लक्झरी टॅक्स' सुरू होतो. चैनीवरचा करच म्हणा ना. २००२-०३ च्या हंगामापासून तो प्रत्यक्ष लागू आहे.

तो कसा लागतो हे समजायला महावितरणचं बिल डोळ्यांसमोर आणा. पहिली शंभर युनिटं स्वस्त, पुढची महाग, त्यापुढची आणखी महाग. इथंही तसंच. रेघेवरच्या पहिल्या टप्प्यात डॉलरला एक डॉलर कर, दुसऱ्यात सव्वा, तिसऱ्यात एकदम साडेतीन, चौथ्यात पावणेपाच. एखादा संघ रेघेच्या दोन कोटी डॉलर वर गेला, तर कर साडेचार कोटींच्या वर जातो. आणि मागच्या चार हंगामांपैकी तीन हंगामांत कर भरलेला संघ असेल, तर तोच आकडा साडेआठ कोटींच्या पुढं! नेहमी चैन करणाऱ्याला शिक्षा जास्त. जमलेल्या कराचा निम्म्यापर्यंतचा भाग रेघेच्या आत राहिलेल्या संघांत सारखा वाटला जातो. म्हणजे एकाची उधळपट्टी ही दुसऱ्याची मिळकत.

गोल्डन स्टेट वॉरियर्सनं २०२२ चं विजेतेपद मिळवलं, त्या हंगामात सुमारे १७ कोटी डॉलर नुसता कर भरला. पगाराच्या जवळपास तेवढाच. उलट ओक्लाहोमा सिटी हे लहान शहर. २०१२ ला अंतिम फेरीत हरल्यावर त्यांनी जेम्स हार्डनला ह्यूस्टनला देऊन टाकलं. कडक कर येऊ घातला होता, आणि करारात फरक होता तो पन्नास-साठ लाख डॉलरांचा, असं तेव्हा सांगितलं गेलं. हार्डन २०१८ ला लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ओक्लाहोमाला विजेतेपदासाठी २०२५ उजाडावं लागलं.

यात एक बारकी खाच आहे. कराची आकारणी नियमित हंगामाच्या शेवटच्या दिवशीच्या पगारावर होते. त्यामुळं फेब्रुवारीत अदलाबदलीची मुदत संपत आली की रेघेला घासून असलेले संघ एखाद्या मधल्या फळीतल्या खेळाडूला दुसऱ्या शहरात पाठवून देतात. त्याच्या खेळात काही खोट असते असं नाही. आपल्याकडं ३१ मार्चला दुकानातला माल कमी करतात, तसा इथं माणूस कमी होतो. त्याची मुलं शाळेत, भाड्याचं घर, सगळं तिथंच राहतं.

२०२३ च्या करारानंतर तर नुसता कर भरून सुटका नाही. करापलीकडं आणखी एक रेघ आखली आहे. ती ओलांडणाऱ्याला अदलाबदलीत दोन खेळाडूंचे पगार एकत्र करता येत नाहीत, रोख रक्कम देता येत नाही. २०२४ चे विजेते बोस्टन सेल्टिक्स यात सापडले. वर्षभरात जेसन टेटम जायबंदी झाला आणि २०२५ च्या उन्हाळ्यात जू हॉलिडे आणि पोर्झिंगिस या दोघांना त्यांनी दुसरीकडं धाडलं. बोस्टन काय, पुणे काय!

मोठ्या खेळाडूंची मला चिंता वाटत नाही. ते इकडून तिकडं गेले तरी कोटीतच राहतात. चिंता आहे ती पाच-सहा हंगाम खेळलेल्या मधल्या माणसाची. कबड्डीच्या लिलावात दहाव्या हंगामात 'अ' गटाची पायाभूत किंमत ३० लाख होती आणि 'ड' गटाची ९ लाख. पर्स बांधलेली असली की संघ वर कोटीचा तारा घेतो, खाली स्वस्त पोरं भरतो, आणि २५ लाखांचा अनुभवी माणूस सर्वांत आधी कापला जातो. म्हणून आपल्याकडचे कबड्डीपटू रेल्वे, पोलीस किंवा बँकेतली नोकरी सोडत नाहीत, ते अगदी बरोबर करतात. आपल्याकडंही मालकांना कर भरून मर्यादा ओलांडू द्यावी, असं कुणी म्हटलं तर मी एका अटीवर हो म्हणेन. तो पैसा दुसऱ्या मालकांत वाटू नये, तालुक्याच्या मैदानांना द्यावा.

शादलुई सोडून दिलेल्या हंगामात पुणेरी बाद फेरीतही पोहोचले नाहीत. पण पुढच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर २०२५ ला, अस्लमच्या नेतृत्वाखाली ते दिल्लीत पुन्हा अंतिम सामना खेळत होते. दबंग दिल्लीकडून ३१-२८ असे हरले. शादलुई तोवर २ कोटी २३ लाखांना गुजरातकडं गेला होता. तीन हंगामांत तीन संघ.