संशयित दुवे आणि घट्ट समूह : साथीच्या शोधाचे गणित

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात जनपदोद्ध्वंसाचे विवेचन करताना एक मूलगामी प्रश्न उपस्थित केला आहे. प्रकृती, आहार, बल व वय भिन्न असूनही अनेक माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने का ग्रस्त होतात? वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव सर्वांना समान असतात, हे त्याचे उत्तर होय. वैद्यापुढे मात्र हा प्रश्न उलट्या बाजूने येतो. रुग्ण सुटेसुटे येतात. त्यांतील कोण कोणाशी जोडलेला आहे हे शोधावे लागते आणि जोडणारा प्रत्येक दुवा संशयितच असतो.

चिंचपोकळीचा धडा

चिंचपोकळीचे कस्तुरबा रुग्णालय, म्हणजे पूर्वीचे आर्थर रोड रुग्णालय, या दृष्टीने उद्बोधक आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे निदान केले. त्यानंतर रुग्णांना सक्तीने हलविण्याचे सत्र सुरू झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर सुमारे एक हजार गिरणी कामगारांनी या रुग्णालयावर हल्ला केला. तेव्हा संसर्गाचा दुवा प्रामुख्याने माणसामाणसांत शोधला जात होता. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत उंदीर व पिसू यांचा संबंध दाखविला. ग्रंथिक प्लेगचा मुख्य दुवा उंदीर मरून पडणारे घर व वस्ती, म्हणजेच ‘देश’ होता. दुवा चुकीचा गृहीत धरला की निरपराध कुटुंबांची ससेहोलपट होते आणि लोकांचा विश्वासही उडतो.

एक सोपे गणित

समजा, ज्वराचे चार रुग्ण आहेत आणि कोणत्याही दोघांमधील संबंध खरा असण्याची शक्यता निम्मी आहे. हे चौघे साखळीप्रमाणे तीन दुव्यांनी जोडलेले असतील, तर तिन्ही दुवे खरे ठरण्याची शक्यता आठात एक, म्हणजे १२.५ टक्के. परंतु प्रत्येकाचा इतर तिघांशी संशयित संबंध असेल, तर दुवे सहा होतात. खऱ्या-खोट्याच्या ६४ शक्यतांपैकी ३८ मध्ये चौघेही एकमेकांशी जोडलेले राहतात. शक्यता सुमारे ५९ टक्के. दुवे तितकेच दुबळे, पण वीण घट्ट असल्याने समूह टिकतो.

‘निम्म्याहून अधिक खात्री नसेल तो दुवा सोडून द्यावा’ असा नियम लावल्यास हा सगळा समूहच दृष्टीआड होतो. अनिश्चित जाळ्यांच्या अभ्यासात म्हणूनच दुवे आधी छाटत नाहीत. प्रत्येकाला त्याच्या खात्रीनुसार वजन देऊन सर्व शक्यतांचा एकत्र विचार करतात. मात्र संशय परस्परांपासून स्वतंत्र असावेत. सहाही दुवे एकाच शेजाऱ्याच्या सांगण्यावर आधारलेले असतील, तर ते सहा पुरावे नव्हेत, एकच होय.

व्यवहारात काय करावे?

ज्वर, अतिसार, कामला वा पुरळ यांच्या नोंदीत चाळ, पाण्याचा स्रोत, कामाचे ठिकाण आणि लक्षणांचा पहिला दिवस एवढे चार रकाने जोडावेत. हे चरकोक्त भावांचेच व्यावहारिक रूप आहे. प्रत्येक दुव्यापुढे ‘निश्चित’, ‘संभाव्य’ वा ‘दुर्बल’ अशी खूण करावी. औषधालयाच्या मालकांनीही एकाच गल्लीतून अतिसारावरील औषधांची मागणी एकाएकी वाढल्यास जवळच्या वैद्यास कळवावे. मात्र ग्राहकाचे नाव उघड करू नये.

कस्तुरबा रुग्णालयात ऑगस्ट २०२१ पासून जनुकीय क्रमनिर्धारणाची प्रयोगशाळा आहे. दोन रुग्णांमधील विषाणूंचे साम्य पाहून संशयित दुवा तेथे बळकट किंवा बाद करता येतो. परंतु नमुना तेथवर पोहोचण्यासाठी आधी कोणाला तरी समूहाची शंका यावी लागते. ती बहुधा प्रथम गल्लीतल्या दवाखान्यातच येऊ शकते. घट्ट विणीचा समूह आढळताच, दुवे सिद्ध होण्याची वाट न पाहता, महापालिकेच्या आरोग्य खात्यास कळविणे हे आपले कर्तव्य होय. त्याच वेळी, एका दुबळ्या दुव्यावरून कोणा कुटुंबावर साथीचा ठपका न ठेवणे, हेही तितकेच मोठे कर्तव्य आहे.