करंजाला पाणी कुठून मिळतं?

मार्चमध्ये बेंगळुरूच्या एखाद्या जुन्या रस्त्यावर मान वर करून चाला. जमीन कोरडी ठणठणीत, पावसाळा लांब, आणि करंज मात्र कोवळ्या, तुकतुकीत पालवीने भरलेला! कन्नड माणसं त्याला होंगे म्हणतात. एवढं पाणी त्याने आणलं कुठून? जुनी पानं गाळली की पानांवाटे उडून जाणारं पाणी वाचतं. खोल मुळं आणि खोडात साठलेला ओलावा यांच्या बळावर नवी पानं फुटतात. पावसाळ्यात पानं खाणाऱ्या अळ्या वाढण्याआधी ती निबर होतात, हाही फायदाच.

वर्गात एखाद्या मुलीने हाच प्रश्न विचारला तर? प्रकाशसंश्लेषणाची आकृती शिक्षकांना पाठ असते. पण एकच झाड वर्षभर पाहायला त्यांना कोणी शिकवलेलं नसतं. माझ्या मते शिक्षक-प्रशिक्षणातली सगळ्यात मोठी उणीव हीच.

ती भरून काढणारा एक उपक्रम याच शहराशी जोडलेला आहे: सीझनवॉच. म्हैसूरच्या नेचर कन्झर्वेशन फाउंडेशनने बेंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेच्या साथीने तो उभा केला. रीत विलक्षण सोपी. एक झाड निवडायचं, दर आठवड्याला त्याच्यापाशी जायचं. पालवी, कळ्या, फुलं, फळं किती? काहीच नाही, थोडी की पुष्कळ, एवढंच नोंदवायचं. मोजमाप इतकं साधं असल्यामुळे हजारो डोळ्यांनी केलेल्या नोंदी शेजारी शेजारी मांडता येतात. केरळातल्या शाळा यात मोठ्या संख्येने उतरल्या. तिथे बहावा विषूच्या सणाला, म्हणजे एप्रिलच्या मध्याला, फुलायचा असा संकेत. तो इतर महिन्यांतही फुलतो, हे मुलांच्या वह्यांत उतरलं. ऋतू सरकताहेत का, हे असं हळूहळू कळतं.

नेचर कन्झर्वेशन फाउंडेशनचाच ‘अर्ली बर्ड’ उपक्रम पक्ष्यांची ओळख करून देऊ पाहणाऱ्या शिक्षकांना आणि मुलांच्या गटप्रमुखांना तयार करतो. तांबटाचं टुक-टुक ऐकून मुलं थबकली, की नाव सांगायची घाई करू नये. आधी आवाज कुठून येतो ते त्यांना शोधू द्यावं.

आणि वर्गाबाहेर शिकायचं, तर बेंगळुरूच्या लालबागेतला खडकही आहेच! सुमारे 300 कोटी वर्षांचा. तळवे टेकवून बसावं, असा वर्ग दुसरा कुठे मिळेल?

शिक्षकहो, शाळेच्या फाटकाजवळचं एक झाड आजच ठरवा. त्याला कळ्या आहेत का, मुलांना बघायला सांगा. पुढच्या आठवड्यात पुन्हा जा.