अश्वपरीक्षेंतील दांत व भोंवरे

जुन्या दफ्तरांत शालिहोत्राचीं सुटीं पानें वारंवार आढळतात. भोंवऱ्यांचीं शुभाशुभ फळें वाचून कित्येक संग्राहक तीं निरुपयोगी म्हणून बाजूस टाकतात. तसें करण्यापूर्वीं या परीक्षेचें प्रयोजन ध्यानांत घ्यावें, अशी आमची विनंति आहे. बारगीर सरकारी घोड्यावर बसे. शिलेदाराचें घोडें स्वतःचें असे. खरेदींत तो फसला कीं त्याची चाकरीच धोक्यांत येई.

ग्राहकाचा पहिला प्रश्न वयाचा. सौदागराच्या शब्दावर विसंबण्यापेक्षां जबडा उघडून पाहाणें बरें. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत याचा क्रम दिला आहे. सहा दांत पांढरे असतां शिंगरूं एक वर्षाचें. ते कषायवर्ण झाले कीं दोन वर्षांचें. पुढें मधली, तिच्या लगतची व कडेची अशा जोड्या पडून नव्या आल्या म्हणजे अनुक्रमें ३, ४ व ५ वर्षें समजावीं. त्यानंतर कालिका, पीत, शुक्ल, काच, मक्षिका, शंख, अवट, चलन व पतन या नऊ अवस्था, प्रत्येकी तीन वर्षांच्या. म्हणजे हिशेब ३२ व्या वर्षीं पुरा होतो. आधुनिक पशुवैद्यकाप्रमाणें या जोड्या सुमारें अडीच, साडेतीन व साडेचार वर्षांच्या वयांत बदलतात. तेव्हां पांच वर्षांपर्यंतचा जुना क्रम प्रत्यक्षास धरून आहे, हें उघड होय. पुढील अवस्था तितक्या निश्चित मानतां येत नाहींत. कारण दांतांची झीज चाऱ्यावर अवलंबून असते. शिवाय दांत कोरून व डागून म्हातारें जनावर तरुण भासविण्याची लबाडीहि पशुवैद्यांस परिचित आहे.

भोंवऱ्यांची गोष्ट निराळी. त्याच ग्रंथांत दहा ध्रुवावर्त सांगितले आहेत : वरच्या ओठावर एक, कपाळावरील केसांत एक, आणि रंध्र, उपरंध्र, मस्तक व छाती येथें दोन दोन. भोंवऱ्यामुळें घोडा लंगडत नाहीं कीं दमत नाहीं. शकुन म्हणून हें शास्त्र आम्हांसहि मान्य नाहीं. परंतु भोंवरा जन्मभर जागा सोडीत नाहीं. म्हणूनच शर्यतीच्या घोड्यांच्या ओळखपत्रांत आजहि रंग व पांढऱ्या खुणांबरोबर भोंवरे नोंदले जातात. गणतीस चांगलें घोडें दाखवून चाकरीस हलकें आणण्याच्या कपटावर अलाउद्दीन खिलजीनें (१२९६–१३१६) घोड्यांस डाग देण्याची पद्धत घातली. पुढें अकबरानें डागाबरोबर चेहरा लिहून ठेवण्याची व्यवस्था केली. ज्यास लक्षणांचीं नांवें ठाऊक नाहींत, त्यास असे चेहरे नीट वाचतां येणार नाहींत.

दुसरें कारण किंमतीचें. तापीकांठच्या सारंगखेड्याच्या यात्रेंत अद्यापि ग्राहक भोंवरे पाहूनच बोली करतात. यास्तव दांत व पाय निर्दोष, पण भोंवरा अशुभ, असें घोडें स्वस्तांत पदरांत पडणें शक्य असे. तें पुन्हां विकतांना मात्र तोच भोंवरा आडवा येई.

म्हणून शालिहोत्राच्या पानालगत घोड्याच्या खरेदीची याद सांपडल्यास दोन्हीं एकत्रच राखावीं व भोंवऱ्यांचीं देशी नांवें जशींच्या तशीं उतरून घ्यावीं. पान लक्षण सांगतें, याद रुपये सांगते. दोहोंची सांगड राहिली, तरच एका भोंवऱ्यानें शिलेदारास किती तोटा झाला, हें आपणांस कळेल.