लांब केसांचे राजे आणि तूर्नेचं थडगं

निरोप्याने म्हाताऱ्या राणीपुढे दोन वस्तू धरल्या. एका हातात कात्री, दुसऱ्या हातात उपसलेली तलवार.

राणीचं नाव क्लोटिल्ड. फ्रँक लोकांचा पहिला ख्रिस्ती राजा क्लोव्हिस याची ती विधवा. तिचा मुलगा क्लोडोमर 524 साली लढाईत पडला आणि त्याची तीन पोरकी मुलं पॅरिसमध्ये आजीजवळ वाढत होती. मुलांच्या वाट्याच्या राज्यावर दोघा काकांचा डोळा होता. ‘पोरांना गादीवर बसवायचंय, पाठवून दे’ असा सांगावा त्यांनी आईला धाडला, मुलं हातात आल्यावर कोंडून ठेवली आणि मग हा निरोप्या पाठवला. नातवांचे केस कापायचे की गळे, ते आजीनेच सांगावं. संतापाच्या आणि दुःखाच्या भरात ती बोलून गेली, की गादी मिळणार नसेल तर केस कापलेले बघण्यापेक्षा मेलेले बरे. निरोप्याने तिला दुसरा विचार करायला सवडच दिली नाही. धाकटा काका क्लोथर याने दहा आणि सात वर्षांच्या पुतण्यांना स्वतःच्या हाताने मारलं. तिसरा, क्लोडोआल्ड, काही धाडसी माणसांच्या मदतीने निसटला. पुढे त्याने आपले केस आपणच कापले आणि तो धर्मगुरू झाला. पॅरिसला पश्चिमेकडून खेटून असलेलं सँ-क्लू हे गाव त्याच्याच नावाचं.

ही हकीकत लिहून ठेवली तूरच्या बिशप ग्रेगरीने. तो 594 साली वारला, म्हणजे घटनेपासून फार दूरचा नव्हे. बिशपाला रंगवून सांगायची हौस होती, संवाद त्याने पदरचे घातले असणार. पण कात्रीचा अर्थ त्याच्या वाचकांना समजावून सांगायची त्याला गरज वाटत नाही, आणि मला त्याचंच जास्त नवल वाटतं.

हे घराणं मेरोव्हिंजियन. पाचव्या शतकाच्या मध्यापासून 751 सालापर्यंत, जवळजवळ तीनशे वर्षं, आजचा फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीचा मोठा भाग यांवर त्यांचा अंमल होता. या राजांना राज्याभिषेक नव्हता. डोक्यावर तेल नाही, पाणी नाही, अधिकार देणारा मुकुटही नाही. राजाचं रक्त अंगात असणं पुरेसं होतं, आणि ते रक्त दिसायचं कुठे, तर केसांत. राजघराण्यातल्या मुलाच्या केसांना लहानपणापासून कात्री लागत नसे. सहाव्या शतकातला ग्रीक इतिहासकार अगाथियास लिहितो, की मधोमध भांग पाडून दोन्ही खांद्यांवर केस सोडायचे हा मान राजकुळाचा. प्रजेने केस आखूडच ठेवायचे. वर उल्लेख केलेला क्लोडोमर रणात पडला तेव्हा बर्गंडीच्या सैनिकांनी त्याला ओळखलं ते पाठीवर रुळणाऱ्या केसांवरून, असंही तोच सांगतो.

म्हणजे कात्री लावली की राजपुत्र जिवंत राहून बाद होई. रक्ताचा थेंब न सांडता. मात्र यात एक मोठी अडचण होती: केस पुन्हा वाढतात. क्लोव्हिसने कारारिक नावाच्या आपल्या एका भाऊबंद राजाला आणि त्याच्या मुलाला पकडून दोघांचे केस उतरवले आणि त्यांना चर्चमध्ये दीक्षा देऊन टाकली. बाप रडायला लागला. मुलगा त्याला म्हणाला, की झाड हिरवं आहे, फांद्या तोडल्या तरी पालवी फुटेल. हे शब्द क्लोव्हिसच्या कानावर गेले. दोघांचीही मुंडकी उडाली.

शेवटही तसाच झाला. 751 साली राज्याचा खरा कारभारी पेपिन याने पोपचा कौल मिळवून शेवटचा मेरोव्हिंजियन राजा, तिसरा चिल्डेरिक, याचे केस कापले आणि त्याला मठात धाडलं. पण पेपिनपुढे आता पेच उभा राहिला. त्याच्याकडे ते रक्त नव्हतं, मग ते केस तरी कुठून आणणार? त्याने बिशपांकडून डोक्याला पवित्र तेल लावून घेतलं. फ्रँक राजाला तेल लावण्याची ही पहिली वेळ. केसांची जागा तेलाने घेतली ती कायमचीच म्हणायची. इंग्लंडच्या तिसऱ्या चार्ल्सला मे 2023 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत पडद्याआड तेल लावलं गेलं, ते याच जातीच्या विधीतून.

आता मागे जाऊ, घराण्याच्या मुळाशी. नदीचं मूळ शोधू नये म्हणतात तसं इथेही आहे. ज्याच्यावरून घराण्याला नाव मिळालं त्या मेरोव्हेखबद्दल ग्रेगरी फक्त एक ओळ लिहितो, की तो क्लोडियो राजाच्या कुळातला असल्याचं काही लोक म्हणतात. ‘काही लोक म्हणतात’ हे शब्द बिशपाने उगाच वापरलेले नाहीत. पुढच्या शतकातल्या, फ्रेडेगारच्या नावावर चालणाऱ्या बखरीत मग ती भानगड उघड होते: क्लोडियोची राणी समुद्रात स्नानाला उतरली असताना एक सागरी वृषभ-राक्षस तिला भेटला, आणि मूल राजाचं की राक्षसाचं हे सांगता येत नाही! राजघराण्याने अशी कथा आपल्याबद्दल का चालू द्यावी, असं वाटेल. पण माणसापासून जन्मलेल्या राजापेक्षा समुद्रातून आलेला राजा केव्हाही वरचढ.

मेरोव्हेखचा मुलगा पहिला चिल्डेरिक. इथे दंतकथेत थोडी माती दिसू लागते. ग्रेगरीच्या म्हणण्यानुसार हा तरुणपणी इतका स्त्रीलंपट होता, की आपल्या मुलीबाळींवर हात टाकतो म्हणून फ्रँकांनीच त्याला हाकलून दिलं. जाताना त्याने एक सोन्याचं नाणं मोडून अर्धं आपल्या विश्वासू मित्राकडे ठेवलं. लोकांचा राग निवळला की त्याने ते पाठवायचं, दोन तुकडे जुळले की परत यायचं. चिल्डेरिक थुरिंजियाच्या राजाकडे आश्रयाला गेला. इकडे फ्रँकांनी एजिडियस नावाच्या चक्क एका रोमन सेनापतीला राजा केलं. आठ वर्षांनी तुकडा आला, चिल्डेरिक परतला. पाठोपाठ यजमानाची राणी बासिना नवऱ्याला सोडून त्याच्या दारात हजर झाली. कशासाठी आलीस, असं त्याने विचारलं. तिचं उत्तर ग्रेगरीने नोंदवलंय: तुझं कर्तृत्व मला ठाऊक आहे, तुझ्याहून सरस पुरुष समुद्रापलीकडे आहे असं कळलं असतं तर तिकडे गेले असते. या दोघांचा मुलगा म्हणजे क्लोव्हिस.

इथवर वाचून कोणीही म्हणेल, की ही सगळी करमणूक झाली. यातलं खरं काय? सतराव्या शतकापर्यंत या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मग 27 मे 1653 रोजी आजच्या बेल्जियममधल्या तूर्ने गावात, सँ-ब्रीस चर्चजवळ एका इमारतीचा पाया खणताना एका गवंड्याची कुदळ सोन्यावर आदळली. गवंडी मूकबधिर होता. त्याने केलेल्या नुसत्या आवाजांनी माणसं धावत आली. खड्ड्यातून निघाली शंभरावर सोन्याची नाणी, दोनशेच्या आसपास चांदीची, सोन्याच्या मुठीची तलवार, फेकायची कुऱ्हाड, भाला, स्फटिकाचा गोळा, हातातलं जाड सोन्याचं कडं, बोटाच्या पेरापेक्षाही लहान अशा सुमारे तीनशे सोन्याच्या मधमाश्या, आणि एक अंगठी.

ती अंगठी नीट बघण्यासारखी होती. मुद्रेची अंगठी; मेणावर दाबायची म्हणून अक्षरं उलटी कोरलेली. ‘चिल्डिरिकी रेगिस’, म्हणजे ‘राजा चिल्डेरिकची’. मधोमध समोर बघणारा पुरुष. मधून भांग, दोन्ही बाजूंनी खांद्यावर उतरलेले लांब केस, हातात भाला. आणि अंगात? रोमन सेनापतीचं चिलखत. मजकूर लॅटिन, केस फ्रँक, पोशाख रोमचा. पेराएवढ्या जागेत सगळं.

बाकी ऐवजही हेच बोलत होता. सोन्याचा एक क्रुसासारखा काटा निघाला, उजव्या खांद्यावर झगा अडकवायचा, रोमन साम्राज्याच्या बड्या अधिकाऱ्याची खूण. थडग्याचं वर्णन करणाऱ्या शिफले नावाच्या डॉक्टरला तो लेखणीचा प्रकार वाटला होता! नाण्यांत सगळ्यात ताजी होती कॉन्स्टँटिनोपलच्या झेनो सम्राटाची, आणि ती 481-82 च्या सुमाराला झालेल्या चिल्डेरिकच्या मृत्यूशी बरोबर जुळतात. थडगं रोमन रिवाजाप्रमाणे गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला. पण 1980 च्या दशकात त्याच परिसरात पुन्हा उत्खनन झालं तेव्हा जवळच्या तीन खड्ड्यांत एकूण 21 घोड्यांचे सांगाडे मिळाले. राजाबरोबर घोडे पुरणं हा काही रोमचा रिवाज नव्हे.

शाळेत आपण शिकलो, की रानटी टोळ्या आल्या आणि रोमन साम्राज्य कोसळलं. तूर्नेच्या खड्ड्याने ते चित्र खोडून काढलं, निदान फ्रान्सपुरतं. हा राजा बाहेरून तटबंदी फोडून आलेला नव्हता. तो रोमच्या पगारावर, रोमच्या गणवेशात, रोमची सरहद्द सांभाळणारा सरदार होता. साम्राज्याचा पगार थांबला तेव्हा मुलूख आणि फौज त्याच्या हातात होती, एवढंच. चिल्डेरिक मेल्यावर रँसचा बिशप रेमिजियस याने पंधरा-सोळा वर्षांच्या क्लोव्हिसला लिहिलेलं पत्र आजही उपलब्ध आहे. दुसऱ्या बेल्जिका प्रांताचा कारभार तुम्ही हाती घेतल्याचं कळलं, असा त्याचा सूर. पत्र मूर्तिपूजक पोराला आहे आणि भाषा प्रांताधिकाऱ्याला लिहावी तशी.

थडग्यातली आणखी एक गोष्ट आपल्या जवळची आहे. मधमाश्यांचे पंख आणि तलवारीची मूठ लाल गार्नेटने मढवलेली आहेत. सोन्याच्या बारीक पट्ट्यांचे कप्पे करायचे, तळाशी बारीक चौकड्या उमटवलेला सोन्याचा वर्ख घालायचा आणि वर जेमतेम मिलिमीटरभर जाडीची लाल चकती बसवायची. उजेड आत जाऊन वर्खावरून परत फिरतो आणि दगड आतून पेटल्यासारखा दिसतो. लूव्हरच्या तळघरातल्या कणत्वरकावर त्या काळच्या फ्रँक दागिन्यांमधल्या गार्नेटची रासायनिक तपासणी झाली. पाचव्या-सहाव्या शतकातले बहुतेक खडे भारत आणि श्रीलंकेतले निघाले. सातव्या शतकात मात्र ही आवक आटली आणि कारागिरांनी बोहेमियातले बारीक खडे वापरायला घेतले. उत्तर समुद्राजवळच्या एका टोळीप्रमुखाच्या तलवारीवर भारतीय दगड चमकत होता, आणि दोघांमधलं अंतर कुणालाच फार वाटत नव्हतं.

क्लोव्हिसबद्दल थोडक्यात. 486 साली त्याने स्वासाँ इथे एजिडियसच्या मुलाचा, सियाग्रियसचा, पराभव केला. क्लोटिल्डच्या आग्रहाने तो रँसला कॅथलिक झाला. तारखेवर विद्वानांची अजून भांडणं आहेत. 507 मध्ये त्याने व्हिसिगॉथ राजाला मारून दक्षिणेचा मोठा मुलूख घेतला. पुढच्या वर्षी तूर गावात सम्राट अनास्तासियसचं मानपत्र आलं तेव्हा त्याने जांभळा झगा चढवला आणि घोड्यावरून सोनं-चांदी उधळत मिरवणूक काढली. बापाच्या अंगठीवरचं चित्रच जणू रस्त्यावर आलं. मग भाऊबंदकी. एकेक फ्रँक राजा, सगळे नात्यातले, त्याने संपवला. शेवटी शेवटी तो दरबारात रडला म्हणे, की मला कुणी आप्तच उरला नाही. ग्रेगरी शांतपणे पुढे लिहितो, की हे दुःख नव्हतं. कुणी उरला असेल तर पुढे येईल आणि त्यालाही मारता येईल, हा हेतू होता. 511 साली तो पॅरिसमध्ये वारला आणि राज्य चार मुलांत वाटलं गेलं.

आणि तूर्नेचा खजिना? तो व्हिएन्नाला गेला. 1665 मध्ये तुर्कांविरुद्ध मिळालेल्या मदतीची परतफेड म्हणून सम्राट लिओपोल्डने तो चौदाव्या लुईला भेट दिला. नेपोलियनला बूर्बाँ राजांचं लिलीचं फूल नको होतं, त्यांच्याहून जुनं काहीतरी हवं होतं. 1804 च्या राज्याभिषेकात त्याच्या झग्यावर मधमाश्या आल्या त्या इथून. नोव्हेंबर 1831 च्या एका रात्री, खजिना जिथे होता त्या पॅरिसच्या राजग्रंथालयावर दरोडा पडला. चोरांनी बहुतेक सोनं वितळवून लगडी केल्या, काही वस्तू पिशव्यांत घालून सीन नदीत बुडवल्या. नदीतून मिळालं ते मिळालं. अंगठी गेली.

तरी तिचं वर्णन इतक्या तपशिलात करता येतं, कारण शिफलेने 1655 मध्ये प्रत्येक वस्तूच्या चित्रांसह या थडग्यावर लॅटिनमध्ये पुस्तक छापलं होतं. त्यातले त्याचे तर्क बरेच चुकले, चित्रं मात्र टिकली. पॅरिसला जाणं झालंच तर लूव्हर पाहून झाल्यावर तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, रिशल्यू रस्त्यावरच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहालयात एक चक्कर टाका. चिल्डेरिकच्या तलवारीचं उरलेलं सोनं आणि तीनशेपैकी शिल्लक राहिलेल्या दोन मधमाश्या तिथे आहेत.