तहान लागेल तेवढेच पाणी

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. रविवारी दुपारी दवाखाना बंद करीत असताना एका तरुण शिक्षकाला त्याचे वडील रिक्षातून घेऊन आले. मुलगा डोंगरवाटेवरील अल्ट्रामॅरेथॉनची तयारी करीत होता. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, त्याहून लांब शर्यतीला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. सिंहगड, राजगड, तोरणा या गडांच्या वाटेवर अशी शर्यत होते. सरावासाठी तो पहाटेपासून सात तास रानातल्या पायवाटांनी धावला होता. आता डोके ठणकत होते, दोनदा उलटी झाली होती आणि बोलणे असंबद्ध होते.

"डॉक्टर, उन्हातान्हात पळालाय. अंगातलं पाणी आटलंय, दोन सलाईन चढवा," वडील म्हणाले.

मलाही तसेच वाटले. कंपाउंडरने बाटली अडकवली. शीर शोधण्यासाठी मी हात धरला, तर बोटे सुजलेली, अंगठी रुतलेली. जीभ ओली, नाडी भरलेली, रक्तदाब ठीक. पाणी आटलेल्याची ही लक्षणे नव्हेत. मी सुई खाली ठेवली आणि दोघांच्या आधाराने त्याला वजनकाट्यावर उभे केले. पहाटे घरी ६४ किलो भरलेले वजन आता साडेपासष्ट होते! सात तास धावून वजन वाढले होते.

"पाणी किती प्याला?"

वडिलांचा चेहरा उतरला. "मीच मोटारसायकलवरून बाटल्या पोचवत होतो. नको म्हणाला, तरी पाजलं."

"आबा, तुमचंच काय, मीही सुई हातात घेतली होती," मी म्हणालो.

सलाईन न लावता त्याला रुग्णवाहिकेने जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. रक्तातील सोडियम १२२ निघाले. ते १३५ ते १४५ असावे लागते. दीर्घ श्रमाच्या वेळी मेंदूतून सुटणारे एक संप्रेरक मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला लावते. अशा वेळी वरून पाणी पीत राहिले, की रक्तातील सोडियम पातळ होते आणि मेंदूला सूज येते. झटके, बेशुद्धी, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. अशा रुग्णाला नेहमीच्या सलाईनने अपाय होऊ शकतो. तेथे त्याला तीन टक्क्यांचे तीव्र सलाईन थोडे थोडे, देखरेखीखाली दिले. तिसऱ्या दिवशी तो घरी आला.

हा विकार नवा नाही. दक्षिण आफ्रिकेत दरबान आणि पीटरमॅरित्झबर्ग या शहरांदरम्यान १९२१ पासून सुमारे ९० किलोमीटरची 'कॉम्रेड्स' शर्यत होते. त्याच देशातील डॉ. टिम नोक्स यांनी लांब पल्ल्याच्या खेळाडूंमधील या पाण्याच्या अतिरेकाचे वर्णन १९८५ साली प्रसिद्ध केले. अमेरिकेत २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्क्यांचे सोडियम कमी आढळले. ज्यांचे वजन वाढले होते, त्यांना हा धोका अधिक होता.

मग धावणाऱ्यांनी करावे काय? तहान लागेल तेव्हा आणि तेवढेच पाणी प्यावे. घड्याळ लावून पिऊ नये. बाटलीतल्या खेळाडूंच्या पेयातही रक्ताच्या मानाने मीठ फार कमी असते, म्हणून त्याचाही अतिरेक नको. धावण्यापूर्वी व नंतर वजन करावे. ते थोडे घटणे स्वाभाविक आहे. वाढले तर सावध व्हावे. धावताना वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत. ८० किलोमीटर धावणाऱ्यांच्या २०१७ मधील एका अभ्यासात आयबुप्रोफेन घेणाऱ्यांपैकी ५२ टक्क्यांच्या मूत्रपिंडांना तात्पुरती इजा दिसली. न घेणाऱ्यांत हे प्रमाण ३४ टक्के होते. डोकेदुखी, उलटी, गोंधळलेपणा असेल, तर आणखी पाणी पाजू नये. सोडियम तपासता येईल अशा रुग्णालयात तातडीने न्यावे.

मात्र हा सल्ला जुलाब-उलट्यांच्या रुग्णाला लागू नाही. त्याला जलसंजीवनी द्यायलाच हवी. उन्हात अंग भाजल्यासारखे तापून शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. तेथे प्रथम गार पाण्याने अंग थंड करावे.

तो तरुण आता पुन्हा धावतो. वडील अजूनही मोटारसायकलवरून मागे असतात. बाटल्या बरोबर असतात, पण आता तो मागेल तेव्हाच देतात.