बेका की बेडा?

माझ्या कानांना आवाज येतो, शब्द येत नाहीत. ऑडिओग्रामवर ते स्पष्ट दिसतं: 500 हर्ट्झपर्यंत रेघ बरी चालते, 2000 नंतर उतरते, 4000 ला पार तळाशी. स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो, म्हणून ते पोचतात. स, श, ट यांची बारीक सळसळ वरच्या पट्टीत असते, ती गळून जाते. समोरचा ओरडला की स्वर तेवढे मोठे होतात आणि ओठ वेडेवाकडे, म्हणजे उरलासुरला आधारही जातो.

कारण बाकीचं काम ओठांवर चालतं. 'पान', 'बाण', 'मान' आरशासमोर आवाज न काढता म्हणून बघा, तिन्ही सारखेच दिसतील. पण 'ब'चा घोष आणि 'म'चं नाकातलं गुणगुणणं खालच्या पट्टीतलं, ते मला ऐकू येतं. उलट 'प' की 'क' हे माझा कान सांगू शकत नाही. ओठ मिटले की नाही, एवढ्यावर डोळा ते सांगतो. एकाचं उणं दुसरा भरून काढतो, ही केवढी मोठी सोय आहे! चांगलं ऐकू येणारेही हेच करतात. 1976 मध्ये मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड यांनी 'ग' म्हणणारा चेहरा दाखवून त्यावर 'ब'चा आवाज लावला, तर बहुतेकांना 'द' ऐकू आला.

बंगळुरूत ही सोय अपुरी पडते. गांधी बझारात बस आणि रिक्षांची घरघर नेमकी खालच्या पट्टीतली, माझ्याकडे शिल्लक आहे तेवढंच ती बुडवते. मग कन्नडमधलं 'बेका', म्हणजे हवं का, आणि 'बेडा', म्हणजे नको, ओठांवर जवळपास एकच होतात; 'क' आणि 'ड' दोन्ही दातांआड घडतात. तिथे मी भाजीवालीच्या भुवया वाचते. त्या वर गेल्या, हातात कोथिंबिरीची जुडी असली, तर 'बेका'. शिवाय आधी भाषा ठरवावी लागते. कन्नड समजून वाचायला घेतलेलं वाक्य हिंदी निघालं, की पहिले चार शब्द फुकट जातात आणि तेवढ्यात पुढचे चार निघून गेलेले असतात. संध्याकाळपर्यंत डोकं जड होतं ते याच अंदाजांनी.

कुणाकडे गेले की मी खिडकीकडे पाठ करून बसते, म्हणजे उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर पडतो. पण सगळ्यात मोठी मदत माझी लेक करते. विषय बदलताना ती आधी हाताला स्पर्श करते आणि म्हणते, "आई, आता टँकरचं." मग पाणी, सोसायटी, पैसे, उद्या सकाळ, सगळे शब्द ओठांवर येण्याआधीच माझ्या हाताशी असतात.